चैन कुणाची, हिशेब कुणाला?



‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ ही योजना जुलै २०२४ पासून राज्यात सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये, असं तिचं स्वरूप. निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या या योजनेच्या राजकारणावर पुष्कळ बोलून झालं आहे. इथे लिहायचं आहे ते या पैशांवरून घरोघरी झालेल्या एका वेगळ्याच चर्चेविषयी.

चेंबूर स्टेशनच्या बाजारात, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न ऐकू येत राहिला: “या बायका त्या पैशांचं करतात तरी काय?” उत्तरही विचारणाऱ्याकडे तयारच असायचं. साड्या घेतात, पार्लरमध्ये जातात, मोबाईलमध्ये घालतात. म्हणजे चैन करतात.

त्यावर आपण, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, तावातावाने सांगत आलो की असं काही नाही हो. मुलीच्या क्लासची फी भरली, सासूचं औषध आणलं, गॅस भरला, किराण्याची उधारी फेडली. यात खोटं काहीच नाही. आपल्या बैठकांना येणाऱ्या बहुतेकींचे पैसे असेच जातात. पण या उत्तरात एक गोष्ट आपण नकळत मान्य करून टाकतो. गरीब बाईने पैसे फक्त गरजेवर खर्च करावेत, आणि तसे केले तरच ती मदतीला पात्र, ही विचारणाऱ्याची अट आपणही स्वीकारतो. मग जिने खरोखरच दोन महिन्यांचे पैसे साठवून स्वतःसाठी, स्वतःच्या पसंतीची एक साडी घेतली, तिचं काय करायचं? तिला लपवायचं? तिचा बचाव करताना आपली जीभ का अडखळावी?

या अंकाच्या निमित्ताने हाच प्रश्न सगळ्यांपुढे ठेवायचा आहे. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते, ही रेघ कोण ओढतं?

सुरुवात घरापासून करू. आपल्या भाषेकडे जरा कान देऊन पाहा. त्याला चहा ‘लागतो’, तंबाखू ‘लागते’, रविवारी मटण ‘लागतं’, संध्याकाळी मित्रांबरोबर नाक्यावर बसायला ‘लागतं’. दिवसभर राबतो, थोडा विरंगुळा नको का? तिला मात्र गजरा ‘हवा असतो’, सिनेमाला जायचं ‘असतं’, कानातलं घ्यायची ‘हौस असते’. क्रियापद बदललं की खर्चाची जातच बदलते. त्याची मौज गरजेच्या खात्यात पडते आणि तिची गरजसुद्धा हौसेच्या खात्यात. ‘हौसेला मोल नाही’ असं आपण म्हणतो, पण ते बहुधा घरातल्या लग्नाच्या, बारशाच्या, कुटुंबाच्या नावाने होणाऱ्या हौसेबद्दल. बाईच्या एकटीच्या हौसेला मोल असतंच, आणि ते तिला टोमण्यांत चुकवावं लागतं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उपदेशही तिलाच. अंथरूण कुणी कापलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता घराबाहेर येऊ. सरकारलाही ही रेघ ओढावी लागते आणि ती कागदावर असल्यामुळे आपल्याला तपासता येते.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं ठरवावं याचे निकष घालून दिले. कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन ‘उपभोग एकक’, प्रौढ माणसाला आवश्यक उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. हे तीन एकक हिशेबात असे मांडले जातात: पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. म्हणजे बाई मुळातच वीस टक्के कमी खाणारी धरली. शिवाय त्याच निकषांत असंही नमूद होतं की बायकांची, मुलांची कमाई हिशेबात धरू नये. कमावता एकच, तो पुरुष, या गृहीतावर ते उभे होते. कामगार चळवळीच्या दृष्टीने हे निकष मोठं पाऊल होतं, हे विसरायचं कारण नाही. पण त्या यादीत धान्य आहे, कापड आहे, भाडं आहे, सरपण आहे. माणूस हसतो, गातो, सणाला गोडधोड करतो, याला त्यात जागा नव्हती.

ती जागा मिळायला चौतीस वर्षं गेली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभांसह किमान करमणूक, म्हातारपणाची व लग्नकार्याची तरतूद यांसाठी किमान वेतनात २५ टक्क्यांचा आणखी एक घटक धरला पाहिजे. ‘किमान करमणूक’ हे शब्द मैत्रिणींनी लक्षात ठेवावेत असे आहेत. करमणूक ही पोट भरल्यावर उरलंच काही तर करायची गोष्ट नाही. जगण्याच्या किमान खर्चातच ती धरायची आहे, असं देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच न्यायालयात तेव्हाच्या नियोजन आयोगाने प्रतिज्ञापत्र दिलं की शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरिबीच्या रेषेच्या वर गेला. त्या ३२ रुपयांत करमणूक सोडाच, चेंबूर नाक्यावरून रिक्षाने एखाद्या आजारी पोराला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी पंचाईत होती. देशभर त्यावर टीका झाली. रेघ पुढे सरकते तशी मागेही सरकते, आणि ती कुठे ओढली जाईल हे कोण किती जोराने बोलतं यावर ठरतं, एवढं यातून कळतं.

बायकांच्या बाबतीत ही रेघ कशी वाकडी जाते याचा नमुना वस्तू व सेवा कराने दाखवला. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर, काचेच्या बांगड्या यांच्यावर कर शून्य होता, आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के. म्हणजे सौभाग्याच्या खुणा ही बाईची गरज, आणि दर महिन्याला येणारी पाळी ही तिने भरायची ज्यादाची बाब! देशभरातल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. कुंकू-बांगड्या करमुक्त असाव्यात याबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार आहे ती या समजुतीबद्दल की बाईचं नटणं नवऱ्याच्या नावाने असेल तर ते कर्तव्य, आणि तिचं स्वतःचं असेल तर चैन. नवरा गेला की तेच कुंकू, त्याच बांगड्या एका दिवसात तिला वर्ज्य होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. आवडलेली बांगडी हातात ठेवायला एका बाईला ग्रामसभेचा ठराव लागतो. तेव्हा हौस ही किरकोळ बाब आहे असं कुणी म्हणू नये.

आपल्या चेंबूरच्या परिसरातही ही रेघ रोज डोळ्यांना दिसते. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. चेंबूरची ‘कोरो’ आणि इतर अनेक संस्था, वस्त्यांमधल्या कार्यकर्त्या त्यात होत्या. त्यांनी साधी गोष्ट लोकांसमोर आणली: सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट, आणि बाईला मात्र लघवीला जायचे पैसे मोजावे लागतात. शरीरधर्म एकच, पण त्याची गरज ठरते आणि तिची ‘सेवा’. भाजी विकणारी, कचरा वेचणारी बाई दिवसातून तीनदा पैसे देण्याऐवजी पाणी पिणंच टाळते. तिचं पाणी पिणं असं चैनीत जमा होतं.

तिकडे मानखुर्द-गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारतींकडे पाहा. रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी हटवलेल्या कुटुंबांना २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचतच नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ मधल्या अभ्यासाने या अंधाऱ्या, कोंदट रचनेचा क्षयरोगाशी संबंध दाखवून दिला. आराखडा करणाऱ्याने उजेड हा चैनीत धरला होता. त्याची किंमत दिवसाचे सर्वाधिक तास त्या घरात काढणाऱ्या बाईने फुफ्फुसांनी चुकवली.

आणि ही रेघ जातीनेही ओढलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दोन घटना नोंदवल्या आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी १९३५ मध्ये अस्पृश्य समाजातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तेवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावी अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढलं म्हणून पंगतीवर लाठ्या चालल्या. भांडी त्यांच्या पैशाची, तूप त्यांच्या पैशाचं. परवडत नव्हतं असा प्रश्नच नव्हता. परवडत होतं, हाच त्यांचा गुन्हा ठरला. ‘तुमच्या पायरीला हे शोभत नाही’ हे वाक्य आज पंधराशे रुपयांच्या साडीबद्दल ऐकू येतं, तेव्हा ते किती जुनं आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

पैशाइतकीच, किंबहुना त्याहून दुर्मीळ चैन म्हणजे वेळ. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं आहे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष १०० पैकी २६, आणि बायका ८१. हे पाच तास विनावेतन. विश्रांती म्हणून बाई टीव्हीसमोर बसते तेव्हाही तिच्या मांडीवर मटार सोलायचे असतात किंवा कडेला पोर झोपवायचं असतं.

आणि बाहेर? संध्याकाळी डायमंड गार्डनच्या बाकांवर कोण बसलेलं असतं ते एकदा मोजून पाहावं. एकटा पुरुष नुसता बसलेला दिसतो. पुष्कळदा झोपलेलाही दिसतो. एकटी बाई दिसली तर बहुधा तिच्याबरोबर मूल असतं, हातात पिशवी असते, नाहीतर पायात चालण्याचे बूट असतात. म्हणजे काहीतरी कारण असतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या आपल्या अभ्यासावरून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला सार्वजनिक जागेत सतत काहीतरी कामासाठी आल्याचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणून उगाच भटकण्याचा, काहीही न करता उभं राहण्याचा हक्क मागितला पाहिजे. वरवर हे शिकल्यासवरल्या बायकांचं खूळ वाटेल. पण आमच्या वस्तीतल्या बैठकीत ‘एक अख्खा दिवस मिळाला तर काय कराल?’ असं विचारलं, तेव्हा बहुतेकींचं पहिलं उत्तर एकच आलं: झोपेन. दुसरं उत्तर सुचायला वेळ लागला. ज्यांना हौस करायची सवयच लागू दिली नाही, त्यांना ती आठवावी लागते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. १९९१ नंतर बाजार खुला झाला, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या, सौंदर्यस्पर्धांचं पेव फुटलं, तेव्हा ‘चंगळवाद’ हा शब्द आपल्या चळवळीने उचलून धरला. बाईला आधी काळी, जाडी, म्हातारी ठरवायचं आणि मग त्यावरचा उपाय तिलाच विकायचा, हा बाजाराचा धंदा आपण उघडा पाडत आलो. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला, त्यामागे कितीतरी बायकांचं बोलणं आहे. आज तर हप्त्यांवर मोबाईल, हप्त्यांवर फ्रिज आणि ते हप्ते फेडायला लघुवित्त कंपनीचं कर्ज, असा फास वस्त्यावस्त्यांत आवळला जातो आहे. मग चैनीची बाजू घेणं म्हणजे बाजाराच्याच हातात हात देणं नव्हे का?

नव्हे. चैन आणि चंगळ यांतला फरक किमतीवर ठरत नाही. दोन गोष्टी विचाराव्यात. निर्णय कुणाचा होता? आणि त्यासाठी राबलं कोण? जाहिरातीने घाबरवून घ्यायला लावलेलं क्रीम ही बाईची हौस नव्हे, ती तिच्यावरची वसुली आहे. लग्नात शेजाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावायला काढलेलं कर्ज हीदेखील तिची हौस नव्हे. उलट, पै-पै साठवून केलेला सोन्याचा मणी, ज्याला घरात ‘तिचं नटणं’ म्हणतात, तो पुष्कळदा तिच्या नावावरची एकमेव मालमत्ता असतो. आजारपणात तोच गहाण पडतो. त्याला चैन म्हणणारे त्या दिवशी मात्र गप्प असतात.

दुसरा प्रश्न आपल्यातल्या मध्यमवर्गीय मैत्रिणींना अधिक टोचेल, आणि तो टोचायलाच हवा. चेंबूरच्या टॉवरमधली नोकरदार बाई रविवारी उशिरा उठते, मैत्रिणींबरोबर नाटकाला जाते. उत्तम! पण त्या रविवारी तिच्या ओट्यावरची भांडी घासायला गोवंडीहून एक बाई सकाळी आठला आलेली असते. तिला सुट्टी मागताना आजारपण सांगावं लागतं. ‘उगाच घ्यावीशी वाटली’ हे कारण चालत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या कराराने घरकामगारांना आठवड्यातून सलग किमान २४ तासांची सुट्टी दिली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण करार मंजूर करून स्वतःला बांधून घेतलं नाही. आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तोही घरकामगारांच्या संघटनांनी लढून मिळवला. साप्ताहिक सुट्टीसाठी मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात उद्यापासून देता येते, पगार न कापता. एकीची चैन दुसरीच्या थकव्यावर उभी असेल तर ती हक्काची भाषा बोलू शकत नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने काही सुचवावंसं वाटतं. बचत गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहिताना ‘शिक्षण’, ‘औषध’, ‘धंदा’ यांच्याबरोबर ‘स्वतःसाठी’ असाही एक रकाना असू द्या, आणि त्यापुढे कुणी काही विचारू नये असा ठराव करा. गट मिळून वर्षातून एकदा बाहेर पडा, आणि त्या सहलीला प्रशिक्षणाचं किंवा देवदर्शनाचं नाव देऊ नका. किमान वेतनाच्या मागणीपत्रात ‘किमान करमणूक’ हे शब्द गाळले जाणार नाहीत याची काळजी घ्या. आणि योजनेच्या पैशांबद्दल पुन्हा कुणी विचारलं, तर खर्चाची यादी वाचून दाखवण्याआधी त्यालाही विचारा: तुमच्या पगारातला, तुमच्या बोनसमधला प्रत्येक रुपया कुठे गेला, हे तुम्ही कुणाला सांगता?

योजनेच्या नावात ‘लाडकी’ आहे. पण लाड हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतात, आज आहेत आणि उद्या नाहीत. आपल्याला लाड नकोत. पोटापुरती भाकरी, आडोशापुरतं छप्पर आणि अंगापुरतं कापड एवढ्यावर माणूस जिवंत राहतं, आणि तेवढ्यासाठी अजून पुष्कळ लढायचं आहे. त्या लढाईतही बाईचा उजेड, तिची सुट्टी, तिचा बाकावरचा रिकामा तास आणि तिच्या पसंतीची साडी ‘नंतर पाहू’ म्हणून मागे ठेवायची नाही. चळवळीत ‘नंतर पाहू’ हे आपण बायकांनी आजवर फार वेळा ऐकलं आहे.